प्रवेशाचें अनुमान

बारावीचा निकाल लागला, प्रवेश-परीक्षांचे आंकडे हातीं आले, कीं आमच्यासारख्या निवृत्त मास्तरांच्या ओटीवर माणसांची ये-जा वाढते. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. सारें आयुष्य कर्जत येथें मुलांकडून संस्कृताचीं रूपें घोकवून घेण्यांत गेलें. तरीहि वकील, बँकेंतले अधिकारी, क्वचित् डॉक्टरसुद्धां मुलाचें गुणपत्रक पुढें ठेवून एकच प्रश्न विचारतात, "मास्तर, मिळेल कां हो?" प्रश्न लहानसा; पण त्यांत मुलाच्या दोन वर्षांच्या जागरणांचा, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीचा आणि आईच्या सोळा सोमवारांचा हिशेब गुंतलेला असतो. गांवांत त्याला दोन उत्तरें प्रचलित आहेत. एक आशीर्वादाचें : "कां नाहीं? नक्की मिळेल." दुसरें भीतीचें : "हल्लीं कांहीं खरें नाहीं." पहिलें उत्तर देणारा चहा पिऊन जातो, दुसरें देणारा घरांतली झोप घेऊन जातो, अनुमान मात्र दोघांपैकीं कोणींच केलेलें नसतें. क्लासवाल्यांचें तिसरें उत्तर रस्त्यावरच्या फलकावर छायाचित्रांसह टांगलेलें असतें. त्या फलकावर निवडल्या गेलेल्यांचे चेहरे असतात, त्याच क्लासांत फी भरून मागें राहिलेल्यांचे नसतात. आणि जेथें छेद झांकून ठेवला आहे तेथें नुसत्या अंशावरून अपूर्णांक कळत नाहीं, हें पांचवीच्या मुलासहि ठाऊक आहे.

प्रवेशाची शक्यता कशी अजमावावी यासंबंधीं गेल्या कांहीं वर्षांत आम्हीं जें पाहिलें तें येथें मांडावयाचें आहे. त्यांतला बराच भाग आपल्या वाचकांच्या घरांतील मुलामुलींना लागू पडेल. शेवटचा भाग ठाकुरवाडीच्या एका मुलाविषयीं आहे. तो मुद्दाम घातला आहे, कारण छापील तक्त्याबाहेर काय काय असतें हें त्याच्या प्रकरणांत आम्हांस जितकें स्पष्ट दिसलें तितकें कोठेंच दिसलें नाहीं.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेश-परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, झाली. सव्वाशेंवर मुलें बसलीं, वीस-बावीस उत्तीर्ण झालीं. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. साधारण सहांत एक, एवढी ती शक्यता. पण जो उत्तीर्ण झाला त्याला पुढें कोणी "जागा नाहीं" म्हणून परत पाठविलें नाहीं. आतां नेमकी उलट स्थिति आहे. २०२५ सालीं राज्याच्या बारावीच्या परीक्षेंत शेंकडा ९१.८८ मुलें उत्तीर्ण झालीं. दार सताड उघडें आहे. अरुंद जें आहे तें आंतलें दार, आणि तेथें गुणवत्तेपेक्षां रांगेंतील जागा विचारली जाते. म्हणून "आमचा मुलगा हुशार आहे" हें वाक्य, कितीहि खरें असलें तरी, अनुमानाच्या कामीं येत नाहीं. किती हुशार मुलें त्याच्या पुढें उभीं आहेत, एवढेंच विचारावयाचें असतें.

ज्यांनीं थोडें न्यायशास्त्र वाचलें असेल त्यांना अनुमानाचा पहिला पाठ आठवत असेल. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें विस्तव असावा असें आपण ठरवितों. कारण धूर आणि विस्तव यांचें साहचर्य आपण स्वयंपाकघरांत शेंकडों वेळां पाहिलेलें असतें. परंतु आषाढांत सकाळीं माथेरानच्या कड्याला जें पांढरें लोंबत असतें तें धुकें. त्याला धूर समजून विस्तव गृहीत धरणारा फसतो. परीक्षेचे गुण हें असेंच धुकें आहे. तितक्याच गुणांना एका वर्षीं प्रवेश मिळतो, पुढच्या वर्षीं मिळत नाहीं. मग त्या गुणांवर भिस्त ठेवून काय उपयोग? वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेंत २०२३ सालीं ७२० पैकीं ७२० गुण दोघांनाच होते. २०२४ सालीं पहिल्या निकालांत ते सदुसष्ट जणांना पडले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल सुधारल्यावरहि सतरा जण उरलेच. आदल्या वर्षीं सहाशें पन्नास गुणांना जो क्रमांक होता, त्याच्या कित्येक हजार मागें तेच गुण त्या वर्षीं घसरले. ज्या आईबापांनीं मोठ्या बहिणीच्या वेळचे गुण भिंतीवर लिहून ठेवले होते, त्यांनीं पेढे आणले आणि पंधरा दिवसांनीं डोक्याला हात लावला. धरावयाचा तो क्रमांक धरावा. गुणांचें वर्तमान सोयऱ्यांना पत्रांतून कळविण्यापुरतें ठेवावें.

टक्के आणि पर्सेंटाइल यांची गल्लतहि सुशिक्षित घरांत रोज होते. नव्व्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरांत नव्व्याण्णव गुण नव्हेत; शंभर उमेदवारांत नव्व्याण्णव जण त्याच्या मागें किंवा फार तर बरोबरीनें आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२५ सालीं जेईई मुख्य परीक्षेस देशभरांतून सुमारें पावणेपंधरा लाख मुलें बसलीं. तेव्हां नव्व्याण्णववाल्याच्या पुढें शेंकडा एक, म्हणजे जवळजवळ पावणेपंधरा हजार मुलें उभीं होतीं. देशांतील तेवीस आयआयटींमध्यें मिळून त्या वर्षीं अठरा हजारांवर जागा होत्या, म्हणून "नव्व्याण्णव म्हणजे आयआयटी आलीच" असा हिशेब कांहीं मंडळींनीं केला. तोहि चुकीचा. त्या जागा मुख्य परीक्षेच्या क्रमांकानें मिळतच नाहींत. मुख्य परीक्षेंतून अडीच लाख मुलांना पुढच्या, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेस बसण्याची मुभा मिळते आणि तिचा क्रमांक निराळाच लागतो. २०२५ सालीं ती १,८०,४२२ मुलांनीं दिली, ५४,३७८ पात्र ठरलीं, आणि पात्र ठरलेल्यांतहि साधारण तिघांत एकालाच जागा होती. मुंबईच्या आयआयटींतील संगणक शाखा तर सर्वसाधारण रकान्यांत गेलीं कांहीं वर्षें सत्तराव्या क्रमांकाच्या अलीकडेच बंद होत आली आहे. पाऊण लाखाचा क्रमांक घेऊन तिची आशा करणें हें आशा या शब्दावर अन्याय करणें होय.

क्रमांक हातीं आल्यावर तो ताडून पाहण्याचें साधन पूर्वीं नव्हतें, आज आहे, आणि फुकट आहे. आयआयटी, एनआयटी यांच्या जागांचें वाटप २०१५ पासून जोसा ही संयुक्त व्यवस्था करते. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक शाखेचा पहिला आणि शेवटचा क्रमांक ती प्रसिद्ध करते. राज्यांतील महाविद्यालयांचे तसेच आंकडे राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, ज्याला लोक सीईटी सेल म्हणतात, तो देतो. शेवटचा क्रमांक म्हणजे पंगतींत शेवटचें पान ज्याला मिळालें त्याचा क्रमांक. पण पंगती अनेक आहेत, आणि पंगत चुकली कीं हिशेब बुडाला. मुलगा कीं मुलगी, प्रवर्ग कोणता, गृहविद्यापीठ कोणतें, गृहराज्य कोणतें, यांवरून प्रत्येकाचा रकाना ठरतो. रायगड जिल्ह्याचें विद्यापीठ मुंबई. तेव्हां कर्जतच्या मुलानें पुण्याकडील महाविद्यालयाच्या 'गृह' रकान्यांतील आंकडा पाहून हुरळून जाऊं नये. नागपूरच्या एनआयटींत निम्म्या जागा महाराष्ट्रांतील मुलांस आहेत. त्याच दर्जाच्या परराज्यांतील संस्थेंत आपला मुलगा 'इतर राज्यें' या रकान्यांत मोडतो. आमच्या ओटीवर आलेल्या दहा पालकांपैकीं सात जण दुसऱ्याच कोणाच्या रकान्यांत बोट ठेवून बसलेले असतात, हें आम्ही हिशेब करूनच लिहीत आहों.

आपला रकाना सांपडला म्हणजे मागच्या तीन वर्षांचे शेवटचे क्रमांक एकाखालीं एक लिहावे. त्यांची सरासरी काढूं नये. सरासरीनें नेमकें जें पाहावयाचें तेंच झांकलें जातें. तिन्ही वर्षीं जागा मिळाली असती असा मुलाचा क्रमांक असेल तर शक्यता चांगली समजावी, एखाद्याच वर्षीं मिळाली असती तर तिघांत एक समजावी, आणि एकाहि वर्षीं मिळाली नसती तर तिला आशा म्हणावें, शक्यता म्हणूं नये. हें ढोबळ आहे खरें. परंतु याहून बारीक, दशांश चिन्हापर्यंतचें भाकीत जे विकतात त्यांच्यापाशींहि याच तीन ओळी असतात. शिवाय रकानेहि स्थिर नसतात. २०१९ सालीं आर्थिक दुर्बल घटकांच्या दहा टक्के जागा आल्या. २०२४ सालीं राज्यांत सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाच्या दहा टक्के जागा आल्या. त्याच सुमारास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें चांगल्या संस्थांना शाखेच्या जागा वाढविण्यावरची मर्यादा उठविली आणि संगणकाच्या जागा ठिकठिकाणीं फुगल्या. अशा वर्षीं मागचा आंकडा पुढें नेतांना हात आंखडता ठेवावा.

पसंतीक्रमाविषयीं एक गैरसमज इतका रुजलेला आहे कीं तो येथेंच खोडून टाकलेला बरा. "वरचें महाविद्यालय पहिलें लिहिलें आणि तें नाहीं मिळालें, तर खालचें हातचें जाईल," ही भीति. असें होत नाहीं. वाटप करणारें यंत्र प्रत्येक मुलाची यादी वरून खालीं पाहत जातें आणि त्याच्या क्रमांकाला जेथें पहिल्यांदा जागा असेल तेथें थांबतें. अप्राप्य वाटणारी संस्था शिरोभागीं लिहिल्यानें खालच्या ओळींतली शक्यता रतीभरहि कमी होत नाहीं. मात्र राज्याच्या फेरींत पहिल्या क्रमांकाचीच पसंती मिळाली तर ती पक्की धरली जाते, मग मागें फिरतां येत नाहीं. म्हणून पहिल्या ओळींत भीतीनें सोपें महाविद्यालय लिहिणारा स्वतःच्या हातानें दार लावून घेतो. दुसरा गैरसमज याच्या उलट टोंकाचा : दहा ठिकाणीं दहांत एक शक्यता असेल तर कोठें तरी मिळणारच. ज्या दहा ठिकाणीं एकच क्रमांक पाहिला जातो तीं दहा ठिकाणें नव्हेत, एकच ठिकाण दहा वेळां लिहिलेलें आहे. तीन हजारावर बंद होणाऱ्या दहा शाखा पांच हजाराच्या क्रमांकाला एकमुखानें नाहीं म्हणतील.

परदेशचा प्रकार निराळा. आमच्या एका स्नेह्यांची नात न्यू जर्सींत बारावीच्या वर्गांत आहे. तिकडे क्रमांकांची एक रांग नाहीं. निबंध, शिक्षकांचीं पत्रें, शाळेबाहेरचे उद्योग, सारें वाचून समिति ठरविते, आणि हार्वर्डसारख्या ठिकाणीं अलीकडे शंभर अर्जांतून तीन-चारच घेतले जातात. २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें वंशाच्या विचारासहि मनाई केल्यावर जुने आंकडे आणखी निरुपयोगी झाले. आजोबांनीं आम्हांस शक्यता विचारली. आम्हीं सांगितलें कीं जेथें निवडीचा नियमच छापलेला नाहीं तेथें शेंकडा चार यापलीकडे कोणाचेंहि भाकीत ऐकूं नये, मुलगी कितीहि गुणी असो.

आतां ठाकुरवाडी. कर्जत-खालापूर भागांत हें नांव एकाच वस्तीचें नाहीं. माथेरानच्या पायथ्यापासून बोरघाटापर्यंत डोंगराच्या कुशींत ठाकूर लोकांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. घाटांत रेल्वेच्या एका ठाण्यालाहि तेंच नांव आहे. क-ठाकूर आणि म-ठाकूर अशा त्यांच्या दोन शाखा. उतारावर नाचणी-वरी पिकवावी, उन्हाळ्यांत करवंदें-जांभळें पानांच्या द्रोणांत घालून स्टेशनावर विकावीं, असा अनेक पिढ्यांचा क्रम. अलीकडे मुंबईकरांच्या फार्महाउसांवर राखणदारी ही त्यांत भर. ज्या मुलाविषयीं लिहावयाचें त्याचे वडील असेच एका बंगल्याचे राखणदार. मुलगा दहावीपर्यंत आश्रमशाळेंत राहिला, पुढें तालुक्याच्या गांवीं विज्ञान घेऊन बारावी झाला. त्याच्याबरोबर पहिलींत बसलेल्यांपैकीं विज्ञानाच्या बारावीपर्यंत पोंचलेला तो एकटाच, असें त्यानेंच आम्हांस सांगितलें, आणि सांगतांना त्याला त्यांत विशेष कांहीं वाटलेलें दिसलें नाहीं. राज्याच्या सीईटींत त्याला चौऱ्यांशीं पर्सेंटाइल पडले होते. मुंबईंतील एका जुन्या शासकीय संस्थेंत स्थापत्य शाखा मिळावी अशी त्याची इच्छा. घाटांतल्या बोगद्यांवर आणि पुलांवर त्याचें लहानपणापासून लक्ष, हें त्याचें कारण.

तो गेल्यावर ओटीवर बसलेले आमचे एक स्नेही म्हणाले, "त्याला कशाला हो अनुमान? राखीव जागा आहे. हात लावील तेथें प्रवेश." स्नेही दुष्ट नाहींत, त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्गांतला, शहाण्णव पर्सेंटाइलचा आणि खुल्या रकान्यांतला, म्हणून मनांत सल होता. त्यांनीं आंकडाहि दिला : २०२४ सालीं जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसण्यासाठीं सर्वसाधारण वर्गास ९३.२४ पर्सेंटाइल लागले, अनुसूचित जमातींस ४६.७०. आंकडा खरा आहे. पण तो मांडवांत शिरण्याचा आंकडा, पान मिळण्याचा नव्हे. आयआयटींतील साडेसात टक्के, म्हणजे साधारण साडेतेराशें जागांसाठीं देशभरच्या जमातींतील मुलें आपसांत झगडतात, आणि ज्या घरांत दोन पिढ्या शिकलेल्या आहेत त्या घरांतलीं मुलें तेथेंहि पुढें असतात. शिवाय चौऱ्यांशीं हा अंक ज्या पायरीवरून चढून आलेला आहे ती पायरीहि पाहिली पाहिजे. २०११ च्या जनगणनेंत राज्याची साक्षरता शेंकडा ८२ होती, राज्यांतील अनुसूचित जमातींची ६६ हून किंचित् कमी. राज्यांत जमातींना सात टक्के जागा आहेत आणि अभियांत्रिकीच्या कित्येक महाविद्यालयांत त्या रिकाम्या राहतात. कारण विज्ञानाच्या बारावीपर्यंत पोंचणारेच थोडे. नांवाजलेल्या संस्थांत मात्र त्या रिकाम्या राहत नाहींत. आमच्या मुलाला जी संस्था हवी होती ती नांवाजलेली होती.

आम्हीं त्याच्या रकान्याच्या तीन ओळी काढल्या. दोन वर्षीं त्याला जागा मिळाली असती, एका वर्षीं थोडक्यांत हुकली असती. म्हणजे तिघांत दोन. स्नेही म्हणाले, "पाहा, सांगितलें नव्हतें?" परंतु तो तक्ता एक गोष्ट गृहीत धरतो : कीं मुलगा त्या रकान्यांत उभा राहूं शकतो. प्रांत कचेरीचा जातीचा दाखला त्याच्यापाशीं होता; पडताळणी समितीचें वैधता प्रमाणपत्र नव्हतें. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेस तें लागतेंच. अर्जाची पावती दाखवून फेरींत उतरतां येतें. पण ठरलेल्या मुदतींत प्रमाणपत्र न आलें तर उमेदवार खुल्या रकान्यांत जातो, आणि चौऱ्यांशींला त्या संस्थेच्या खुल्या रकान्यांत शून्य.

ठाकुरांची पडताळणी इतकी बारीक कां, यालाहि इतिहास आहे. १९७६ च्या कायद्यापूर्वीं कांहीं ठराविक प्रदेशांत राहणारे ठाकूरच अनुसूचित जमातींत गणले जात. ती प्रादेशिक अट उठली, आणि ठाकूर हें आडनांव तर इतर अनेक समाजांतहि आहे. त्यामुळें खरे-खोटे निवडण्याचा प्रश्न उभा राहिला. १९९४ सालीं एका वैद्यकीय प्रवेशाच्याच खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पडताळणीची पद्धति घालून दिली, आणि महाराष्ट्रानें २००० सालचा कायदा करून ती पक्की केली. आमच्या भागांतील जमातींचे दावे ठाण्याच्या समितीपुढें जातात. जुने दस्तऐवज, विशेषतः स्वातंत्र्यापूर्वींची शाळेची नोंद, यांना सर्वांत जास्त वजन. दक्षता पथक घरीं येऊन चौकशी करतें. कुलदैवत कोणतें, लग्नांत काय करतात, बोली कशी, हेंहि विचारलें जातें. त्याला आप्तभावाची कसोटी म्हणतात.

यांतली गंमत, गंमत म्हणवत नाहीं तरी, अशी कीं ज्यांचे आजे-पणजे शाळेंत गेले त्यांच्यापाशीं शाळेची नोंद आहे, आणि जो खरोखर डोंगरांतच राहिला त्याच्यापाशीं नाहीं. आमच्या मुलाचे आजोबा शाळेच्या पायरीवर चढले नव्हते. वडिलांच्या दाखल्यावर जात 'हिंदु ठाकूर' अशी लिहिलेली, चुलत्याच्या दाखल्यावर 'ठाकर', मुलाच्या स्वतःच्या दाखल्यावर 'म. ठाकूर'. लिहिणारे मास्तर तीन. तिघांनींहि कानीं पडलें तें लिहिलें. न्यायशास्त्रांत प्रत्यक्षाला पहिलें प्रमाण मानतात. येथें मुलगा प्रत्यक्ष समोर उभा, त्याची वाडी खिडकींतून दिसते, आणि सिद्ध करावयाचें तें कागदानें.

म्हणून आम्हीं दुसरा हिशेब मांडला. कागद वेळेवर येण्याची शक्यता आम्हीं निम्मी धरली. निम्म्याची दोन-तृतीयांशपट म्हणजे एक-तृतीयांश. जो मुलगा स्नेह्यांना "हात लावील तेथें" वाटत होता त्याची खरी शक्यता तिघांत एक होती. त्याच सायंकाळीं स्नेह्यांच्या मुलाचाहि रकाना काढला. संगणक शाखेंत तिन्ही वर्षें बाहेर, स्थापत्यांत तिन्ही वर्षें आंत. त्याला स्थापत्य घ्यावयाचें असतें तर दुसरा कोणताहि गुणाकार करावा लागला नसता. स्नेही आंकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनींच विचारलें, "त्याच्या नात्यांत कोणाला वैधता मिळाली आहे कां?"

हा प्रश्न मोलाचा ठरला. २४ मार्च २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या प्रकरणांत निर्णय दिला आहे. आप्तभावाची कसोटी ही अंतिम कसोटी नव्हे, प्रत्येक प्रकरणांत ती लावलीच पाहिजे असें नाहीं. आणि वडिलांकडील रक्ताच्या नातलगास रीतसर चौकशीनंतर वैधता मिळालेली असेल तर तिला मोठें वजन द्यावें, असा त्याचा आशय. विचारतां कळलें कीं वडिलांचा एक चुलतभाऊ खालापूरच्या बाजूस जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक आहे आणि नोकरींत लागतांना त्यानें वैधता मिळविलेली आहे. दोन भावांच्या बायकांत कांहीं कारणानें बोलणें नव्हतें, म्हणून तें नांव आधीं निघालें नाहीं. मुलाचे वडील बंगल्याची किल्ली शेजाऱ्याकडे देऊन खालापुरास गेले, एक रात्र राहिले, आणि प्रमाणपत्राची प्रत, वंशावळीचें प्रतिज्ञापत्र आणि अबोला सुटल्याचें वर्तमान घेऊन आले. आम्हीं कागदाचा अंदाज निम्म्यावरून पाऊण केला. पाऊण आणि दोन-तृतीयांश यांचा गुणाकार बरोबर निम्मा. तिघांत एकावरून दोघांत एकावर मुलगा आला, आणि यासाठीं त्याला एकहि गणित जास्त सोडवावें लागलें नव्हतें.

पसंतीची यादी त्यानें वर सांगितलेल्या रीतीनें भरली : हवी ती संस्था पहिली, मग उतरत्या इच्छेनें बाकीच्या, शेवटीं कर्जतहून लोकलनें जाऊन-येऊन करतां येईल असें एक महाविद्यालय. वसतिगृहांत जागा न मिळाल्यास भोजन-निवासासाठीं आदिवासी विद्यार्थ्यांस राज्याची स्वयम् योजना आहे, तिचेहि कागद त्याच फाइलींत लावून ठेवले. ही गोष्ट प्रवेशानंतरची म्हणून लोक मागें टाकतात. परंतु दादरपर्यंत दोन तास गाडींत आणि त्याआधीं वाडीपासून पायीं, असा रोजचा क्रम पावसाळ्यांत किती दिवस टिकला असता याचा आम्हांस भरंवसा नव्हता.

प्रमाणपत्र मुदतीच्या नऊ दिवस आधीं आलें. पहिल्या फेरींत त्याला तिसरी पसंती मिळाली, दुसरींत कांहीं हललें नाहीं, तिसरींत पहिली मिळाली; वरच्या कोणी तरी जागा सोडली असावी. स्नेह्यांचा मुलगा संगणकासाठीं दुसऱ्या महाविद्यालयांत गेला. दोघे सोमवारीं पहांटे कधीं कधीं एकाच डब्यांत बसून जातात.

मुलाची धाकटी बहीण यंदा नववींत आहे. तिच्या पडताळणीचा अर्ज बारावीपर्यंत थांबवूं नये, भावाचें प्रमाणपत्र ताजें आहे तोंवर शाळेमार्फत कागद जमवावे, असें आम्हीं वडिलांना सांगितलें. त्यांनीं तिला फाइल घेऊन पाठविलें. तिनें आमच्या टेबलावरचा तीन ओळींचा जुना कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलें, "मास्तर, ह्यात मुलींचा रकाना कोणता?" आम्हीं बोट ठेवून दाखविला.